ई-एससीआर: तालुक्याच्या कोर्टात तीन वर्षं वापरल्यावर

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दिवाणी वकिली करते, बावीस वर्षं झाली. फायली बहुतेक वाटणीच्या, बांधाच्या, वहिवाटीच्या रस्त्याच्या. सुप्रीम कोर्टात मी कधी उभी राहिलेली नाही, पण त्या कोर्टाच्या निकालाशिवाय माझा एक आठवडा जात नाही. संविधानाच्या कलम १४१ मुळे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो. दिल्लीत लिहिलेल्या एका वाक्यावर आमच्याकडच्या साडेचार एकरांचा निकाल फिरतो. ते वाक्य मूळ शब्दांत, मागच्या-पुढच्या वाक्यांसकट तालुक्यातल्या वकिलाला वाचायला मिळणं हा माझ्या लेखी न्यायाचाच भाग आहे. म्हणून ई-एससीआरबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ हे कोर्टाचं स्वतःचं, निकाल छापणारं अधिकृत प्रकाशन १९५० पासून निघतं. आपण त्याला एससीआर म्हणतो. २ जानेवारी २०२३ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याची ऑनलाइन आवृत्ती, म्हणजे ई-एससीआर, सगळ्यांसाठी खुली केली. सुरुवातीला सुमारे ३४ हजार निकाल होते. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित डिजिटल आवृत्ती आली तेव्हा ५१९ खंड आणि ३६,३०८ खटले असा आकडा सांगितला गेला. पैसे नाहीत, वकिलीची सनद दाखवावी लागत नाही. कॉलेजचा विद्यार्थी, पत्रकार, शेतकरी, कोणीही उघडून वाचू शकतो.

हे आल्याने काय बदललं ते कळायला माझ्या सरांच्या ऑफिसातलं कपाट आठवावं लागेल. सर जुने दिवाणी वकील. भिंतीला टेकून चार कपाटं, त्यात एआयआरचे खंड. ऑल इंडिया रिपोर्टर म्हणजे आपल्या नागपूरचं प्रकाशन, चितळ्यांनी सुरू केलेलं. देशभरच्या वकिलांच्या तोंडी गेली शंभर वर्षं जे ‘एआयआर अमुक साल अमुक पान’ आहे ते काँग्रेसनगरातून निघालेलं, याचा मला नवीन असताना फार अभिमान वाटायचा. कपाटाच्या कडेला दोरीने बांधलेली वही असे: कोणता खंड, कोणी नेला, कधी आणला. गावातले निम्मे वकील ते खंड न्यायचे आणि सर कोणालाही नाही म्हणायचे नाहीत. पण १९७० च्या दशकातला एक खंड असा होता की ३४० पासून पुढची बारा पानं कोणीतरी ब्लेडने कापून नेलेली. नेमका तोच निकाल मला एकदा हवा होता. मग साताऱ्याला एसटीने जायचं, जिल्हा कोर्टाच्या लायब्ररीत शोधायचं, झेरॉक्स काढायची, तोवर तारीख उलटून जायची. हेडनोट म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश. सर म्हणायचे, “हेडनोटवर उभी राहू नकोस गं. पान उघड.” पण पानच नसलं तर उघडणार काय? म्हणून माझ्या पिढीच्या कितीतरी वकिलांनी डायजेस्टमधल्या, म्हणजे निकालांच्या सारांशांच्या पुस्तकातल्या, दोन ओळींवर युक्तिवाद केले. मीही केले.

आता वापराचं सांगते, आणि ते एका फाइलवरूनच सांगते, कारण ही सेवा कशासाठी आहे ते मला त्या फाइलीत कळलं.

एक मावशी, माझ्या पक्षकार. लग्न १९८५ चं. आई आधी गेलेली, वडील १९९९ साली गेले. दोन भाऊ. वडिलोपार्जित जमीन साडेचार एकर, निम्मी पाटाखाली. भावांनी वाटा नाकारला म्हणून मावशींनी २०१२ मध्ये दावा लावला. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात मुलींना सहदायाद (म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाटेकरी) करणारी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती, पण ती तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती, म्हणजे मावशींना उपयोग नाही. मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती, जिने लग्न झालेल्या मुलींनाही सहदायाद केलं. तिच्यावर २०१५ साली सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात सांगितलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, मुलगीही हयात हवी आणि वडीलही. मावशींचे वडील सहा वर्षं आधीच गेलेले. खालच्या कोर्टाने २०१७ मध्ये फुलवती लावला आणि मावशींना वडिलांच्या काल्पनिक हिश्श्यातला (वडील जाण्याआधी ते आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असं धरून येणाऱ्या एक तृतीयांशातला) तिसरा भाग दिला, म्हणजे एकूण जमिनीचा एक नवमांश. वीस गुंठे. मुलीला सहदायाद धरलं असतं तर एक तृतीयांश, दीड एकर.

आम्ही अपिलात गेलो आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दानम्मा विरुद्ध अमर हा निकाल आला. पुन्हा दोनच न्यायमूर्ती. त्यात वडील २००१ साली वारलेले, तरीही मुलींना बरोबरीचा वाटा मिळाला. म्हणजे एकाच कोर्टाची दोन सारख्या ताकदीची पीठं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. खालच्या न्यायाधीशाने कोणाचं ऐकायचं? अशा वेळी पीठ किती जणांचं हा पहिला प्रश्न. डिसेंबर २००४ च्या दाऊदी बोहरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात पाच न्यायमूर्तींनी ही शिस्त स्वच्छ सांगितली आहे. लहान पीठ मोठ्या पिठाला बांधील. बरोबरीच्या पिठाला आधीचा निकाल पटला नाही तर त्याने तो बाजूला सारायचा नाही, प्रश्न मोठ्या पिठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवायचा. आमच्या प्रश्नाचं शेवटी तसंच झालं. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलगी जन्माने सहदायाद आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवती रद्द झाला. दानम्मातलाही जो भाग याच्याशी जुळत नव्हता तो गेला.

मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, “म्हणजे आता आपलं झालं ना, वकीलबाई?”

झालं नव्हतं. भावांनी कैफियतीत आणखी एक मुद्दा घेतला होता: १९९६ साली तोंडी वाटप झालं आणि त्याचा फेरफारही आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटपाला दुरुस्ती हात लावत नाही, फक्त ते वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं हवं. माझ्याकडच्या एका खासगी डायजेस्टमध्ये विनीता शर्मावर एकच ओळ होती, तोंडी वाटपाचा बचाव स्वीकारता येणार नाही. मी त्या ओळीला लाल पेनाने चौकट केली होती आणि निर्धास्त होते.

अपील युक्तिवादाला आलं २०२३ च्या उन्हाळ्यात. तोवर ई-एससीआर सुरू झालेलं. आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर मी विनीता शर्मा पहिल्यांदा पूर्ण वाचायला घेतला. शंभरावर पानांचा निकाल. शेवटी जिथे संदर्भित प्रश्नांची उत्तरं दिली आहेत तिथे पाच मुद्दे आहेत. पाचव्यात तोंडी वाटपाबद्दल माझी डायजेस्टची ओळ होती, शब्दशः नाही पण अर्थाने. आणि तिच्यापुढे एक ‘तथापि’ होता. अपवादात्मक प्रकरणात, तोंडी वाटपाला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ते वाटप हुकूमनाम्याने व्हावं तसं शेवटाला गेलेलं दिसत असेल, तर ते मान्य करता येईल. निव्वळ तोंडी पुराव्यावरचं वाटप मात्र सरळ फेटाळावं.

रात्री अकरा वाजता माझ्या पोटात गोळा आला. फेरफार हा सार्वजनिक दस्तऐवजच. समोरच्या वकिलांनी हा ‘तथापि’ वाचला असेल, तर ते उद्या नेमके तिथेच बोट ठेवणार. मी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून काढली. फेरफार दोघा भावांच्या वर्दीवरून घातलेला, बहिणीला नोटीस नाही, तिची सही नाही. आणि निशाणी पडलेल्या, म्हणजे पुराव्यात दाखल झालेल्या, कागदांत सोसायटीच्या २००१ च्या पीककर्जाचे कागद सापडले: दोन्ही भावांनी एकत्र सही करून क्षेत्र सामाईक असल्याचं लिहून दिलेलं. १९९६ ला वाटप पुरं झालं असेल तर २००१ ला जमीन सामाईक कशी? तो कागद आठ वर्षं फाइलीत होता. त्याचं महत्त्व मला त्या रात्री कळलं, कारण कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे हे मूळ निकाल वाचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायाधीश मॅडमनी समोरच्या वकिलांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “अपवादाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?” माझ्याकडे उत्तर होतं. अपील मंजूर झालं, एक तृतीयांशाचा प्राथमिक हुकूमनामा झाला. भाऊ द्वितीय अपिलात गेले आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने आमच्या जिल्ह्याची कामं आता तिकडे चालतात. मावशी तर म्हणतात, मुंबईपेक्षा कोल्हापूर बरं, अंबाबाईचं दर्शनही होतं.

तर वैशिष्ट्यं. शोध चांगला चालतो. पक्षकाराचं नाव, न्यायमूर्तींचं नाव, साल, खंड, कायदा किंवा नुसते शब्द टाकून शोधता येतं, आणि आलेल्या यादीत पुन्हा शोधता येतं. माझी पद्धत अशी: आधी मोघम शब्द टाकायचे, मग त्यातच कलम टाकून गाळायचं. निकालाची पीडीएफ छापील एससीआरसारखीच येते, वर हेडनोट, खाली पानांचे आकडे. म्हणजे कोर्टात पान सांगताना समोरच्याचं पान वेगळं आणि माझं वेगळं असं होत नाही. हा गोंधळ किती वेळ खायचा ते दिवाणी वकिलांना सांगायला नको. एकच निकाल एआयआरमध्ये एका पानावर, एससीसी या दुसऱ्या खासगी प्रकाशनात दुसऱ्या, आणि बार रूममधल्या झेरॉक्सवर पानाचा आकडाच कापला गेलेला.

याच्याच जोडीला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तटस्थ सायटेशन, म्हणजे प्रकाशकावर न अवलंबणारा निकालाचा पत्ता, सुरू केलं: साल, आयएनएससी, आणि निकालाचा क्रमांक. खाजगीपणाच्या हक्काचा पुट्टस्वामी निकाल आता ‘२०१७ आयएनएससी ८०१’ असा देता येतो, कोणत्याही प्रकाशकाचं नाव न घेता. २००७ साली सुप्रीम कोर्टानेच एका वादात सांगितलं होतं की निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाची मालकी नाही, पण त्याने स्वतःच्या कौशल्याने केलेल्या परिच्छेदांच्या मांडणीवर आणि क्रमांकांवर त्याचा हक्क राहू शकतो. ते रास्तच आहे, त्यांनी कष्ट केलेत. पण कायद्याचा पत्ता सांगायला खासगी पुस्तक विकत घ्यावं लागू नये, असं मला नेहमी वाटायचं. तो प्रश्न तटस्थ सायटेशनने सोडवला.

आणखी एक उपयोग अलीकडे फार होतो. माझ्या ज्युनिअरने एका चॅटबॉटला विचारून मनाईहुकमाच्या अर्जासाठी तीन निकाल आणले. पक्षकारांची नावं खरीखुरी वाटावीत अशी, साल, खंड, पान सगळं बिनचूक छापलेलं. ई-एससीआरवर त्यातल्या एकाचा खंड काढून पान उघडलं, तर तिथे एका नोकरीविषयक खटल्याचा मधलाच भाग. पक्षकारांच्या नावाने शोधलं, काही नाही. एससीआरमध्ये सुप्रीम कोर्टाचा प्रत्येक आदेश छापला जात नाही, म्हणून ई-कोर्टांच्या निकाल शोधण्याच्या मोफत पोर्टलवरही पाहिलं, जिथे उच्च न्यायालयांचे निकालही आहेत. तिथेही नाही. तिन्हींपैकी एक खरा, दोन मुळात झालेच नव्हते. पोरगी रडवेली झाली. मी तिला रागावले नाही, न्यूयॉर्कचं सांगितलं. तिथे २०२३ मध्ये वकिलांनी अस्तित्वातच नसलेले सहा निकाल फेडरल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड झाला. जिथे आधीच्या निकालावर पुढचा निकाल उभा राहतो, तिथे खोटा निकाल देणं म्हणजे बांधाचा दगड हलवणं. आता आमच्या ऑफिसात नियम आहे: मूळ पान उघडून त्यावर सही केल्याशिवाय एकही सायटेशन यादीत जात नाही.

मर्यादा सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर नवीन मुलं अडचणीत येतील. छापील खंड ज्या दिवशी छापला त्या दिवसाचा असतो. फुलवती उघडलात तर तो २०१५ सालचाच दिसणार. पाच वर्षांनी तो रद्द झाला हे त्याच्या त्या पानांना माहीत असणं शक्य नाही. म्हणून सापडलेला निकाल आज जिवंत आहे का, हे वेगळं शोधावं लागतं. मी त्याच पक्षकारांचं नाव मजकुराच्या शोधात टाकते आणि नंतरच्या सालातले निकाल खालून वर वाचते. नंतरच्या पिठाने त्याचं नाव घेऊन ‘अनुसरला’, ‘वेगळा ठरवला’ की ‘रद्द केला’ ते तिथे कळतं. वेळ लागतो, पण होतं.

दुसरं, हेडनोट अधिकृत एससीआरची असली तरी ती निकालाचा भाग नाही. आणि निकालातलंही प्रत्येक वाक्य बंधनकारक नसतं. त्या खटल्याच्या हकिकतीवर निर्णय द्यायला जे तत्त्व लागलं तेवढं बांधतं, ज्याला आपण रेशो म्हणतो. जाता जाता केलेलं भाष्य मान देऊन वाचायचं, पण त्यावर दावा टांगायचा नाही. हे पोर्टल सांगू शकत नाही. ते हकिकत वाचूनच कळतं, आणि हकिकत सहसा निकालाच्या पहिल्या दहा पानांत असते, जी सगळे गाळतात.

जुने निकाल वाचायचा छंदही मला यानेच लावला. एका रविवारी १९५५ चा बेंगॉल इम्युनिटी वाचला. सुप्रीम कोर्ट स्वतःच्या आधीच्या निकालाला बांधील आहे का, हा त्यातला प्रश्न. दोनच वर्षांपूर्वी मुंबई राज्याच्या विक्रीकराच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी दिलेला अर्थ सात जणांच्या पिठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी मोडला. न्यायमूर्ती एस. आर. दास यांनी लिहिलं की कलम १४१ मधली ‘सगळी कोर्टं’ म्हणजे सुप्रीम कोर्ट सोडून बाकीची. ज्या इंग्लंडकडून आपण ही पद्धत घेतली, तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९८ मध्ये स्वतःला स्वतःच्या निकालांनी बांधून घेतलं होतं आणि ती गाठ १९६६ मध्ये सोडली. आपल्या कोर्टाने अकरा वर्षं आधी ठरवलं की चूक दिसली तर ती दुरुस्त करता आली पाहिजे. विनीता शर्मात मोठ्या पिठाने फुलवती मोडला आणि मावशींची वीस गुंठ्यांची दीड एकर झाली, ती या एकाच धाग्याने.

मराठीबद्दल. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनाला भारतीय भाषांतले हजारावर अनुवाद पोर्टलवर आले तेव्हा बहुतेक हिंदीत होते, मराठीत अगदी मूठभर. पुढे भर पडत गेली. अनुवाद पक्षकाराला समजावं एवढ्यापुरता असतो, अधिकृत इंग्रजीच. तरी त्याची किंमत मला रोज दिसते. ‘तथापि’ची भानगड मी मावशींना मराठीतच सांगितली, कागदावर उजवीकडे-डावीकडे लिहून. त्या सातवी शिकलेल्या. ऐकून म्हणाल्या, “म्हणजे कागद खरा असला तरी काम पुरं झालेलं पाहिजे.” त्या वाक्याचा याहून नेमका अर्थ मी कोर्टातही सांगितला नव्हता. वारसाहक्काचे, भाडेकरूंचे, पोटगीचे महत्त्वाचे निकाल आधी मराठीत यावेत, ही माझी एकच मागणी आहे.

पैशाचं म्हणाल तर, मी एका खासगी डेटाबेसचं पाच आकडी वार्षिक शुल्क भरत होते. निकाल पुढे कुठे कुठे वापरला गेला याची तयार यादी तिथे मिळते, ती सोय खरोखर मोलाची आहे. या वर्षीपासून आम्ही तिघी वकिलांनी मिळून एकच वर्गणी घेतली, फक्त तेवढ्यासाठी. वाचन सगळं ई-एससीआरवर. नवीन सनद घेतलेल्यांनी पहिली दोन वर्षं तेवढीही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात एक बरा प्रिंटर घ्यावा.

मावशींच्या द्वितीय अपिलासाठी कोल्हापूरच्या वकिलांना पाठवायची यादी आज दुपारी पूर्ण झाली. सात निकाल, प्रत्येकाचं पहिलं पान, हकिकतीची पानं आणि लागणारे परिच्छेद. विनीता शर्मातला पाचवा मुद्दा सगळ्यात वर ठेवलाय, ‘तथापि’खाली रेघ मारून.